चातुर्मासातला लसूण

रविवार, ९ जुलै १९९५, कडोदरा

पोहोचलो एकदाचे! भुसावळ-सुरत पॅसेंजर उधन्याला दीड तास उशिरा लागली, पण तीन गोण्या, दोन पत्र्याच्या पेट्या, एक स्टोव्ह आणि एक तारा, असं सगळं सामान धडपणे उतरलं. तारा चार वर्षांची आहे आणि तिला सामानात धरलेलं आवडत नाही. टीसी गोण्यांकडे बघून काही बोलणार, तेवढ्यात तिनेच त्याला सुनावलं की यात आमची दादर आहे, आजीने दिलीय, तुला मिळणार नाही. तो हसत पुढे गेला. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. ती सोडून दुसरी भाकरी आम्हा खानदेशी लोकांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून वर्षाचं धान्य गावाहून घेऊनच यायचं.

ही डायरी ह्यांनी दिली. (योगराज. डायरीत नाव लिहायला कोण अडवतंय!) कारखान्याच्या शेठने वाटलेली, अर्धं वर्ष कोरीच पडून होती. म्हणाले, दहावी शिकलेली बायको केली की तिच्या हाताला काहीतरी चाळा लागतो, घे. आता रोज लिहीन म्हणते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन सहा वर्षं हे एकटेच इथे राहिले, आता आम्ही तिघं एका पत्र्याखाली. मला इतकं बरं वाटतंय की सांगता येत नाही.

बुधवार, १२ जुलै

चाळ म्हणजे पत्र्याखाली ओळीने वीस खोल्या, आणि अशा सहा ओळी. मागच्या बाजूला गटार, पुढे नळ, पलीकडे कापड विणायचे कारखाने. लूमचा आवाज दिवसरात्र. पहिल्या दिवशी डोकं उठलं, आता थांबला तरच जाग येईल.

दोन खोल्यांमधली भिंत पत्र्यापर्यंत पोहोचत नाही, वर हातभर मोकळं आहे. शेजारणीने फोडणी दिली की आपल्याला शिंक. शेजारीण प्रमिलाबाई, अमळनेरकडच्या, एकट्या राहतात, बॉबिन भरायला जातात. पहिल्याच दिवशी ताराला शेव दिली आणि मला चार सूचना. चाळीत सगळ्या त्यांना घाबरतात. मी अजून घाबरायला लागले नाही.

जागा इतकीच की गोण्या खिडकीखाली एकीला एक लावून त्यावर गोधड्या घातल्या, तोच ताराचा पलंग. राणीसारखी वर झोपते आणि आम्ही खाली जमिनीवर.

मंगळवार, १८ जुलै

गव्हात सोंडे निघाले. मी सूप हातात घेतलं आणि मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. गावात कृषी सहायकाने धान्य साठवणीचं तीन दिवसांचं शिबिर घेतलं होतं, तेव्हा बायकांमध्ये प्रश्न विचारणारी मी एकटीच होते. सोंडा दाण्याच्या आत अंडं घालतो, आत पोखरत वाढतो, बाहेर येतो तेव्हा दाण्याला नुसतं टरफल उरतं. लाल भुंगेरा अख्खा दाणा फोडू शकत नाही, तो चुऱ्यावर जगतो. जाळी दिसली की समजायचं पाखराची, म्हणजे धान्यातल्या पतंगाची, अळी आहे. आधी किडा ओळखायचा, मग उपाय करायचा. उगाच दिसेल त्यावर औषध मारायचं नाही, हे मला पाठ आहे.

ताराला सोंड्याची छोटी सोंड दाखवली. तेव्हापासून ती त्यांना हत्ती म्हणते. आज दुपारी तिने एकवीस हत्ती ताटलीत धरले.

गहू चाळला, कडुलिंबाचा पाला शोधून आणून सावलीत वाळवला आणि थर दिले. नळावर बायकांना पण सांगितलं, दाणा दाताखाली कट्‌ वाजला तरच गोणी शिवायची, नाहीतर किड्याला आमंत्रण. हे म्हणाले, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. म्हटलं, रिकामा तर रिकामा, भाकरीत किडा आला तर पहिली बोंब तुमचीच असते.

बुधवार, २६ जुलै

कट्‌ वाजत नाही. आठ दिवस ऊन नाही. अंगण नाही, गच्ची नाही, पत्र्यावर वाळत घालायचं तर कारखान्याची काजळी. भिंतीला हात लावला तर ओला होतो. पाला घातला तरी सोंडे दुप्पट, आता दादरीतही. गावात दोन दिवसांच्या उन्हात जे झालं असतं ते इथे होत नाही. माझं शिबिर सगळं अंगणवाल्यांसाठी होतं, हे आज कळलं. चिडून रडले थोडी.

आणि कानबाई, आमची श्रावणातली देवी, आली तोंडावर. ताराच्या जन्माच्या वेळी ह्यांनी नवस बोलला होता की सुरतेत घर झालं की माझ्या घरी कानबाई बसवीन. ६ ऑगस्टचा रविवार. तिच्या नैवेद्याच्या रोटाचा गहू किडका कसा चालेल? सासूबाईंनी बजावून पाठवलंय की रोटाचं धान्य घरात निवडून ठेवलं की देवी बसेपर्यंत त्या घराबाहेर रात्र काढायची नाही. घर मोडतं म्हणे.

रविवार, ३० जुलै

हिलाल भाऊजी आले होते. ह्यांचे चुलतभाऊ, कामरेजला धान्याच्या गोदामात हमाली करतात. ताराला खांद्यावर घेऊन नळापर्यंत तीन चकरा मारल्या. माझी गव्हाची कथा ऐकून हसले. गोदामात पाच-पाच हजार पोती असतात, पण एक किडा दिसत नाही, गोळ्या ठेवतात. संध्याकाळी सायकलने परत जाऊन दंतमंजनाच्या डबीत दहा गोळ्या घेऊन आले. इतका जीव लावणारा दीर कुणाला मिळतो!

कसं करायचं विचारलं. म्हणाले, फडक्यात बांधून पोत्यात खोल खुपसायची आणि घट्ट बंद ठेवायचं. वारा लागला की गोळी वाया जाते. गोदाम तर पार कुलूपबंद करतात. आठ दिवस उघडायचं नाही.

औषध फवारायला मी तयार झाले नसते, पण ही साधी गोळी आहे, सुपारीएवढी, करडी. दाण्याला काही लागतसुद्धा नाही.

सोमवार, ३१ जुलै

सकाळी ताराला उठवून गोण्या उघडल्या. गव्हात दोन, दादरीच्या दोन गोण्यांत एकेक. जुन्या साडीच्या पुरचुंड्या केल्या. गोण्या शिवल्या, वर गोधड्या घातल्या. वारा लागायला नको म्हणून खिडकी लावून घेतली आणि फटीत चिंध्या कोंबल्या.

सहा उरल्या. प्रमिलाबाईंना दोन दिल्या, नऊ नंबरच्या मंगलाबाईंना दोन. नळावर आणखी एकीने मागितल्या, तिला उरलेल्या दोन. सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, घट्ट बंद ठेवा. आता मला चाळीत सगळ्या मान देतात. खरं सांगायचं तर छान वाटलं.

बुधवार, २ ऑगस्ट

गोणीच्या शिवणीतून शेकडो सोंडे मरून पडलेत. झाडू भरून काढले. ताराला वाईट वाटलं, तिचे हत्ती मेले म्हणून. तिची समजूत घालता घालता मलाच हसू आलं.

कालपासून घरात लसणाचा वास येतोय. प्रमिलाबाई ठेचा करत असतील, आमच्या आईच्या हातचा असतो तसा. पहिल्यांदा इतकं घरासारखं वाटलं की मी डोळे मिटून बसले. दुपारी सहज म्हटलं, प्रमिलाबाई, ठेचा एकट्याच खाता होय! त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मी कसाले लसून खासू व माय, माले चातुर्मास शे."

खरंच की. आषाढी एकादशीपासून अर्ध्या चाळीने कांदा-लसूण सोडलाय, मी स्वतः सोडलाय. मग वास कुठून येतो?

गुरुवार, ३ ऑगस्ट

सकाळी मोरीत उंदीर मेलेला. दुसरा गोण्यांमागे. कुठे चावल्याची खूण नाही.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी इथे नवीन, पण ह्यांनी गेल्या वर्षीचा प्लेगचा सप्टेंबर इथे काढलाय. उंदीर मरतात आणि मग माणसं, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. लोक रेल्वेच्या टपावर बसून पळाले होते. हे म्हणाले, कुणाला बोलायचं नाही. कळलं तर चाळ रिकामी करतील, आपल्याला उचलून नेतील. उंदीर कागदात गुंडाळून गटारात टाकले. मग भिंतीवरची हातभर जागा तरटाने आणि चिखलाने बुजवली, उंदीर तिथूनच येतात म्हणून. दाराखालीसुद्धा कापड लावलं. आता घर डबीसारखं झालंय.

प्रमिलाबाईंनी ते बुजवलेलं पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. आवाज खाली करून सांगितलं. या खोलीत सरलाबाई राहायची. गेल्या वर्षी ताप आला आणि तीन दिवसांत गेली. प्लेग म्हणावा की साधा ताप, तपासायला कुणाला वेळच नव्हता. नवरा तसाच गावी गेला, परत आलाच नाही. दहा महिने खोली बंद. सरलाबाई शेवभाजीच्या गाडीसाठी लसूण सोलून द्यायची, पाटीच्या पाटी. तिच्या हाताचा वास कधी गेला नाही, असं म्हणाल्या.

मी भुताखेतावर विश्वास ठेवत नाही. पण दार उघडून आत आले तर वास तोंडावर आला.

ताराला दोनदा उलटी झाली. पोटात दुखतं म्हणते. तापाची गोळी दिली.

शुक्रवार, ४ ऑगस्ट, दुपार

पहाटे चारदा उलटी. रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. तासभर बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिथे हळूहळू तोंडावर रंग आला, बिस्कीट मागितलं, शेजारच्या बाईच्या बांगड्या मोजल्या. आत गेलो तर कंपाउंडरने गुजरातीत विचारलं, घरमां दवा छांटी छे? नाही म्हटलं. आम्ही कुठे काय फवारलंय! मग विचारलं, गोळी आपी? म्हटलं, हो, अर्धी दिली, तापाची. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. पावसाळ्याचं पाणी म्हणाले.

हसत आली रिक्षातून. घरात आणून तिच्या पलंगावर ठेवली. अर्ध्या तासात पुन्हा सुरू. ओठ काळसर. छातीवर कुणीतरी बसलंय म्हणते.

बाहेर बरी असते. आत आली की —

शुक्रवार, संध्याकाळ

मी ह्यांना सांगितलं, इथून जाऊ. हिलाल भाऊजींकडे कामरेजला जाऊ, आज, आत्ता. हे स्वतः भिंतीला धरून बसलेले, कामावरून अर्ध्या पाळीत परत आले, डोकं फुटतंय म्हणून. म्हणाले, रोटाचा गहू निवडून ठेवलाय. परवा देवी बसेल. तिच्यापुढे सरला काय टिकणार? आज घर सोडलं तर नवस मोडेल, आणि तो कुणाच्या नावाने बोललाय? ताराच्याच.

मी काढलेली पेटी परत ठेवली. ठेवायला नको होती.

लिंबू बांधलं. धूप घातला. धूप जाऊ नये म्हणून सगळं पुन्हा नीट बंद केलं. धुपातूनही लसूण येतोय. माझ्याही डोळ्यांपुढे ओळी हलतात, अक्षर बघ —

शनिवार, ५ ऑगस्ट

तारा गेली.

पहाटे पाणी मागितलं. वाटी तोंडाला लावली. म्हणाली, आई, मला खाली घे, वर वास येतो. खाली घेतलं. मांडीवरच —

शनिवार, दुपार

पुरून आले. चाळीतल्या बायका दारापर्यंत येतात, आत कुणी येत नाही. सगळ्यांनी आपापल्या खिडक्या लावून घेतल्यात. सरलाबाई दुसऱ्या घरात शिरेल म्हणून.

तिने वास येतो म्हटलं आणि मी ऐकलं नाही. चार दिवस मी तिला त्याच खोलीत परत परत आणत होते. डॉक्टरकडून, नळावरून, प्रमिलाबाईंच्या ओट्यावरून. खेळायला गेली तर हात धरून आत आणत होते, दमशील म्हणून. माझी बाई. माझी सोन्यासारखी —

रविवार, ६ ऑगस्ट

हिलाल भाऊजी आले. त्यांना काही माहीत नव्हतं. कानबाईसाठी नारळ आणि ताराला हिरवा फ्रॉक आणला होता. दारात पाऊल टाकलं आणि थांबले. हुंगलं. आणि ओरडले, मी त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नाही, बाहेर निघा, दोघं बाहेर निघा. तोंडाला उपरणं बांधून खिडकी लाथेने फोडली. गोण्या ओढत ओट्यावर आणल्या.

मग विचारलं, पोत्यावर कोण झोपायचं?

मी सांगितलं.

ते खाली बसले. डोकं ओट्यावर आपटायला लागले. गोदामात माणूस ठेवत नाहीत वहिनी, म्हणाले, कुलूप लावतात, लाल पाटी लावतात, उघडलं की दिवसभर वारा खेळवल्याशिवाय आत पाय टाकत नाहीत. तो वास गोळीचाच. मी बंद ठेवा म्हटलं, बाहेर झोपा म्हटलं नाही. राहत्या घरात ठेवायची ती वस्तूच नाही. मला वाटलं तुम्ही बाहेर ठेवाल, गावासारखं, पडवीत.

पडवी.

सरलाबाई नव्हतीच. बिचारी. तिच्या नावाने लिंबू बांधलं मी. साडी फाडून, गाठ मारून, माझ्या पोरीच्या पाठीखाली मीच —

हे बाजूला उभे होते. ऐकलं त्यांनी. माझ्याकडे बघितलं नाही.

रविवार, थोड्या वेळाने

लिहिते म्हणजे आठवेल. डोकं चालत नाही, पाय उचलत नाहीत. लिहायलाच पाहिजे.

दहा होत्या. चार आमच्या. दोन प्रमिलाबाईंच्या, त्यांनी वापरल्याच नव्हत्या, डब्यात होत्या, भाऊजींनी काढून घेतल्या. दोन मंगलाबाईंच्या. त्यांच्या गोण्या बाहेर काढल्या, दोन्ही पोरं उलट्या करत होती, रिक्षाने नेलीत, श्वास चालू आहे म्हणाले. आठ झाल्या.

दोन. नळावरची ती.

नाव विचारलं नाही मी तिचं. मान मिळत होता तो घेत बसले होते. आपल्या ओळीतली नाही. आमच्याकडची नाही, वऱ्हाडी बोलत होती. कडेवर मूल. फार लहान, मान पण नीट धरत नव्हतं. मी तिला दोनदा बजावलं होतं, घट्ट बंद. ती म्हणाली होती, हो ताई, तुम्ही सांगाल तसंच.

भाऊजी आणि हे दारोदार विचारत फिरताहेत. सहा ओळी. सगळ्यांची दारं बंद. आतूनच नाही म्हणतात. गोळी म्हटलं की त्यांना तापाची वाटते. गेल्या वर्षी प्लेगमध्ये ज्यांनी तापाच्या गोळ्या घेतल्याचं सांगितलं त्यांनाच गाडीतून नेलं होतं, म्हणून कुणी कबूल होत नाही. गोळी घेतली का? नाही, आमच्यात कुणी नाही घेतली. पुढचं दार. लूमच्या आवाजात ऐकू तरी काय येतं!

भाऊजींना सांगायला पाहिजे, गोळी म्हणू नका. गव्हाला काय घातलं ते विचारा. लसणाचा वास येतो का विचारा.

आठव. साडी कसली होती. निळी? घागर पितळी. घागर उचलून ती कुठे वळली, डावीकडे, गटाराच्या बाजूला, तिथे चौथी ओळ, का पाचवी. दाराला काहीतरी होतं, मी तिच्या मागे दारापर्यंत गेले होते, मीच तिला पोतं दाखवायला सांगितलं, बाळाची झोळी त्या पोत्याच्या बरोबर वर — दार हिरवं — नंबर खडूने लिहिलेला, एक आणि पुढे — सतरा नाही, सतराला कुत्रं होतं — एक आणि